धारेपुरतं गाणं

आईच्या हातून गाण्याचा डबा फरशीवर पडला आणि बंद झाला, तेव्हा मी तिला म्हणालो, "झालं समाधान? आता गायींपुढं तूच गा."

अर्धांगवायूनं डावी बाजू गेलेल्या बाईला मी हे बोललो. आणि ती खरंच गायची. आयुष्यभर तिनं आमच्या गोठ्यातल्या धारा हातानं काढल्या आणि काढताना माहेरचे अभंग गुणगुणले. गायींना तीच सवय लागली. ती अंथरुणाला खिळली तेव्हा चारही गायींनी पान्हा चोरला, बायको सड ओढून ओढून रडकुंडीला आली. मग मी बाजारातून तो विटेएवढा डबा आणला आणि मामाच्या गावच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग मेमरी कार्डात भरून घेतलं. डबा गोठ्यात लावला की गायी मुकाट दूध द्यायच्या. धारा झाल्या की तो आईच्या उशाशी जायचा आणि दिवसभर तिथंच वाजायचा. मागच्या खोलीत तिला दुसरी सोबत नव्हती, कारण आम्ही तिच्याजवळ बसत नव्हतो.

डबा पडला त्या संध्याकाळी गायी पुन्हा अडल्या. दुसऱ्या दिवशी तो स्कूटरच्या डिकीत टाकून मी संगमनेरला गेलो. दुकानदारानं मागचं झाकण उघडून पाहिलं.

"वायर सुटलीय. बसा धा मिन्टं, डाग देतो. नवाच पायजे आसंल तर त्योबी हाय."

नव्याचा आवाज मोठा होता, बॅटरी जास्त टिकणार होती, ही कारणं मी नंतर घरी सांगितली. खरं कारण एवढंच की पेंडीची पोती घ्यायची होती आणि त्या स्टुलावर दहा मिनिटं बसायचा मला कंटाळा आला. मी नवा घेतला. जुन्यातलं कार्ड काढून त्यात घातलं, कारण गायींना तेच अभंग लागत होते. जुना डबा पुन्हा डिकीत टाकला आणि दुरुस्तीचं नंतर बघू म्हणालो.

नवा डबा गोठ्यातून हलवायचा नाही, असा मी घरात हुकूम काढला. हिनं हाही पाडला तर काय करायचं? तारेनं तो आढ्याला घट्ट बांधून टाकला.

"माझा डबा झाला का रं?" आई विचारायची.

"नाशिकवरून पार्ट यायचाय."

इतकं सहज खोटं मी दुसऱ्या कुणाशी बोललो नसेन. त्या दुकानावरून मी आठवड्यातून दोनदा जायचो. प्रत्येक गतिरोधकावर डिकीत डबा खडखडायचा आणि मला राग यायचा, तोही आईचाच. ती आधी रोज विचारायची, मग आठ दिवसांतून एकदा, आणि मग बंदच झाली. मला हायसं वाटलं. विसरली एकदाची, असं मी बायकोला म्हणालो.

"इसरल्या न्हाईत," बायको म्हणाली. "तुमाला इचारायचं सोडलंय त्यांनी."

पुढं एक दिवस आई म्हणाली, "माझी खाट गोठ्यात टाका." मी उसळलो. म्हातारीला जनावरांत टाकलं म्हणून गावानं माझ्या तोंडात शेण घातलं असतं. शेवटी बायकोनं मधला मार्ग काढला. धारेच्या वेळी आईला प्लास्टिकच्या खुर्चीत गोठ्याच्या दाराशी बसवायचं. आई बसायची, चांगल्या हातानं मांडीवर ताल धरायची. तेवढ्यात मी दूध काढायचं मशीन आणलं. तासाभराच्या धारा वीस मिनिटांत व्हायला लागल्या. शेवटची गाय झाली की मी डबा बंद करायचो, अभंग कुठंही असो. तिचा हात वरचा वरच राहायचा.

एकदा ती बायकोला म्हणाली, "आज मशीन नको लावू. हातानं काढ, सावकास."

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. मी आईला म्हणालो, "डेअरीची गाडी काय तुझ्यासाठी थांबणार हाय का?" आणि मशीनचं बटण दाबलं.

"बरं," आई म्हणाली.

थंडीत, एका पहाटे ती गेली. निरोप गेले, अंगणात माणसं जमली. बहीण लांबून यायची होती, तोवर आईला पडवीत ठेवलं होतं. पण गायींना कुणाच्या मरणाचं काय, त्या हंबरायला लागल्या. मी गोठ्यात गेलो, डबा लावला, मशीन जोडलं.

अंगणातली कुजबुज थांबली. शेजारचा म्हातारा माझ्या कानावर पडेल असं म्हणाला, "पोरानं आईसाटी भजन लावलं बघा. लई केलं त्यानं तिचं."

दोन-तीन जणांनी माना डोलावल्या. कुणीतरी हात जोडले. हे गायींसाठी आहे, असं मी सांगितलं नाही. शेवटच्या गाईचं मशीन काढलं आणि सवयीनं माझा हात डब्याच्या बटणाकडं गेला. मग अंगणाकडं लक्ष गेलं. सगळे ऐकत होते. लोकांसमोर कसा बंद करायचा, म्हणून मी हात मागं घेतला.

त्या दिवशी अभंग शेवटपर्यंत वाजला.