थांब्यावरचे मोठे काका

मोठे काका रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून कॉलनीच्या फाटकासमोरच्या थांब्यावर जात, हात दाखवून बस थांबवत आणि ड्रायव्हरला विचारत, "पुलापलीकडे जाते ना?"

"जाते."

"बरं, जा."

मग घरी येऊन चहा घेत. वापर नसलेला थांबा रद्द करतात, असं त्यांच्या कानावर आलं होतं. पुलापलीकडे त्यांची थोरली बहीण, आमची आत्या, एकटी राहायची आणि दर रविवारी याच बसने भावाकडे यायची. भावंडांत आता दोघंच उरली होती. आत्याचे गुडघे कामातून गेलेले. पुढच्या थांब्यावर उतरून मागे चालत येणं तिला जमणारं नव्हतं. गाडी पाठवतो म्हटलं की म्हणायची, "न्यायला गाडी येते ती पेशंटला. मी पाहुणी आहे."

आमची कॉलनी सुखसोयींनी ओसंडून वाहत होती. पोहण्याचा तलाव होता. कोणी बुडू नये म्हणून त्यात पाणी भरत नसत. झोपाळा मुलांनी खराब करू नये म्हणून साखळीने बांधलेला होता. व्यायामशाळेची किल्ली अध्यक्षांकडे असे, आणि अध्यक्षांचं पोट पाहिलं की ती फारशी झिजत नसावी, याची खात्री पटे. अशा वैभवाच्या दारात बसथांबा शोभत नाही, असं सभेत ठरलं.

"इथे प्रत्येकाकडे गाडी आहे," अध्यक्ष म्हणाले. "थांब्यावर नुसती परकी माणसं येऊन बसतात."

"परकी कुठली? तुमच्याकडच्या भांडीवाल्या बाई असतात त्या," काका म्हणाले. "तुमच्याकडून सुटल्यावर जरा टेकतात."

"तुम्ही तरी कधी बसमध्ये चढता का हो?"

सगळे हसले. दुसऱ्या दिवसापासून काका खरंच चढायला लागले. पुढच्या थांब्यावर उतरून पायी परत यायचे. पण कॉलनीच्या अर्जाला बसच्या कार्यालयाने कधी नव्हे ती तत्परता दाखवली आणि थांब्याचं छप्पर, पाटी, बाकडं सगळं उचलून नेलं.

त्या रविवारी आत्याचा फोन आला. "तुझं घर सरकलं का रे? मी कुठल्या तरी टायरच्या दुकानापाशी उभी आहे."

काका धावले. वाटेत दिसेल त्या कट्ट्यावर टेकत टेकत आत्या घरी पोचली, तेव्हा परत निघायची वेळ झाली होती. पुढच्या रविवारी तिला कणकण होती. त्याच्या पुढच्या रविवारीही. काका बसला हात दाखवत राहिले. ड्रायव्हर दुसरीकडे बघत पुढे निघून जायचा.

इकडे कॉलनीत वेगळंच संकट आलं. प्रत्येकाच्या पत्त्यात 'बसथांब्यासमोर' असं होतं. औषधं, जेवणाचे डबे, कुरिअर, सगळं वाट चुकायला लागलं. अध्यक्षांचा नवा सोफा पलीकडच्या कॉलनीच्या अध्यक्षांकडे गेला, आणि ते त्यावर बसलेही. तातडीची सभा झाली. बसथांबा ही आपली ओळख आहे, हे एकमताने सर्वांच्या लक्षात आलं. महिन्याभरात नवं छप्पर उभं राहिलं. उद्घाटनाला अध्यक्ष त्यांच्या इमारतीपासून फाटकापर्यंत गाडीने आले आणि सार्वजनिक वाहतुकीच्या महत्त्वावर बोलले. शेवटच्या रांगेत बसलेल्या काकांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. त्यांना काय, थांबा मिळाल्याशी मतलब.

रविवारी आत्या आली. दारातून आत येताच तिने पडदे मळलेत म्हणून काकांना सुनावलं. काका दिवसभर खूश होते. त्याच रात्री ते झोपेत गेले. त्याआधी संध्याकाळी आत्याला बसमध्ये बसवून, हातात खाऊचा डबा देऊन ते खिडकीखाली उभे होते, आणि बस हलता हलता त्यांनी तिला सांगितलं, "आक्का, पुढच्या रविवारी येताना डबा आण. मागचे दोन तुझ्याकडेच आहेत."