कमिटच्या आधी सुलभाताईंचा प्रश्न

परवा जुनी मंडळी जमली आणि किस्से सुरू झाले. नंदेसरीच्या आमच्या केमिकल कारखान्यात कॉम्प्युटर सेक्शनला माणसं तीनच, पण किस्से इतके की कुठला आधी घडला यातच माझा गोंधळ!

मी कंत्राटी होतो, चौथं वर्ष. पर्मनंट कधी होणार, एवढीच चिंता. आमच्या साहेब सुलभाताई, निजामपुऱ्याच्या. कामगारांच्या यादीत कुणीही काही बदललं की त्या विचारणार, "किती ओळी?" आकडा मोठ्यानं सांगायचा, मगच कमिट. एकदा कमिट केलं की बदल कायमचा.

*

आमचा जिग्नेश. एका रमेशभाईंची बदली बॉयलरवर करायची होती. यानं कामगार नंबर न घालता नुसत्या नावावर अपडेट, म्हणजे बदलाचा हुकूम, मारला. ताई रजेवर, विचारणार कोण? सकाळी डबे घेऊन नऊ रमेशभाई हजर! सुपरवायझरचा गुजरातीत फोन, "एक ज माग्यो हतो, भाई!"

*

माझा पराक्रम वेगळा. सगळ्यांची शिफ्ट अर्धा तास पुढे सरकवायची होती. मी ऐटीत लूप लिहिला. एक ओळ उचल, बदल, पुढची उचल. जेवण झालं, चहा झाला, लूप चालूच!

ताई म्हणाल्या, "अरे, वाढपी एका पानाला वाढून दर वेळी स्वयंपाकघरात जातो का?" त्यांनी सगळ्यांसाठी एकच अपडेट लिहिला. क्षणात काम खलास. माझं चुकलं काय, ते मला आठवडाभर कळलं नाही.

*

एकदा जिग्नेशनं दुसऱ्या कुणी हात लावू नये म्हणून ओळी लॉक केल्या आणि सेवउसळ खायला गेला. गेटवर त्याच यादीत हजेरी लागेना, रांग रस्त्यापर्यंत. ताईंनी फोन केला तर म्हणतो, "बेन, आवुं छुं, अडधी प्लेट बाकी छे!"

*

आणि ताईंच्या रिटायरमेंटचा दिवस. माझी पर्मनंटची ऑर्डर आली होती. यादीत तेवढी माझी ओळ बदलायची. "हे शेवटचं मी करते," म्हणत ताईंनी अपडेट चालवला.

विचारायची पाळी आज माझी. "किती ओळी, ताई?"

"शहाण्णव."

मी स्क्रीनवर वाकलो. कारखान्यातले झाडून सगळे कंत्राटी! "ताई, कुणाची ओळ ते घातलंच नाही तुम्ही! परत फिरवा, माझीपण ऑर्डर जाईल!"

ताईंनी चष्मा लावला आणि यादी सावकाश खाली नेली. बॉयलरचे रमेशभाई, बावीस वर्षं कंत्राटी. कॅन्टीनच्या कमळाबेन, सतरा.

"यातली चुकीची ओळ कुठली, दाखव."

मी वरून खाली गेलो, खालून वर आलो. "सापडत नाही, ताई."

ताईंनी कमिट दाबलं!