लेकराचे घोट मोजणारी आत्या

रेखाताईंचा फोन आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो. रेखाताई म्हणजे अकोल्यात कमलआत्याच्या शेजारी राहणाऱ्या. "भाऊ, आत्याबाई गेल्या... सकाळी चहाले आवाज देला, तं उठल्याच नाही," एवढंच त्या बोलल्या. फोन ठेवून मी पुढची उत्तरपत्रिका उघडली, दोन प्रश्न तपासलेसुद्धा, आणि मग एकदम लक्षात आलं, आता ते सांगायचं राहूनच गेलं. तीन वर्षांपूर्वी एका डॉक्टरबाईंनी आत्यासाठी माझ्याजवळ एक निरोप दिला होता. तो मी तिला कधीच पोचवला नाही. तिला जाऊन आज महिना झाला, आणि हे लिहितोय ते त्या निरोपापायीच.

कमलआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. आमचं गाव शेंदूरजनाघाट, घरची संत्र्याची बाग. तोडणी झाली की झाडाखाली ढीग लागतो आणि फळं हातानेच मोजली जातात, एका उचलीत पाच. आत्या लग्नाआधीपासून मोजणीला बसायची. तिच्याशी गप्पा मारून तिची मोजणी चुकवायचा खेळ आम्ही पोरं खेळायचो आणि दरवेळी हरायचो. लग्न होऊन ती अकोल्याला गेली, मूलबाळ झालं नाही, नवरा लवकर गेला, पण तोडणीला दरवर्षी हजर. जिन्याच्या पायऱ्या, टोपल्यातल्या पोळ्या, एसटीतली माणसं, जे दिसेल ते तिचं मनातल्या मनात मोजून झालेलं असायचं. "आत्या, माझ्या डोक्यावर केस किती, सांग," असं मी एकदा चिडवलं, तर म्हणाली, "होते तवाच मोजाले पाह्यजे होते बाबू!"

तीन वर्षांपूर्वी मार्चअखेर मृगाच्या बहाराची शेवटची तोडणी चालू होती. ऊन रणरणत होतं. माझी मुक्ता तेव्हा अडीच वर्षांची. पोरगी सारखी पाणी मागायची, आम्ही द्यायचो. नुसत्या पाण्यानं काय होतं म्हणून वैशाली, माझी बायको, संत्र्याचा रस काढायची, वर चमचाभर साखर. बागाईतदाराच्या घरात रसाला काय तोटा! पोरगी घटाघट प्यायची, पुन्हा पेला पुढे करायची आणि आम्ही कौतुकानं बघायचो. ती वाळत चालली होती, तर आम्ही म्हणालो उंची वाढतेय. सुटलेली सवय परत लागून ती चड्डी ओली करायला लागली, तर म्हणालो लाडावलीय. झोपेतून उठून पाणी मागायची, तर म्हणालो उकाडा किती आहे. सगळ्यावर आमच्याकडे उत्तर तयार होतं.

त्या दुपारी ओसरीवर पंगत बसली होती. तोडणीची माणसं होती, परतवाड्याचा एक व्यापारी होता. आत्या वाढता वाढता थांबली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "बाबू, मी आली तवा पोट्टी दिवसाचे सहा पेले पानी पेत होती. काल चौदा झाले. आज जेवनाच्या आधीच अकरा. अन् ते लघवीले बसते तिथं मोरीत मुंग्या लागून राहिल्या. डाक्टरले दाखव."

आमच्याकडे लेकराचं खाणंपिणं कुणी मोजत नाही. मोजलं की नजर लागते म्हणतात. त्यात मोजणारीला स्वतःचं मूल नाही... वैशाली ताट सोडून आत गेली. मला भयंकर राग आला. "आत्या, माह्या लेकराचे घोट काहून मोजून राहिली तू? संत्री हायेत काय ते? नजर लावशीन तिले!"

मी शाळेत विज्ञान शिकवतो. नजरेवर माझा काडीचा विश्वास नाही, तेव्हाही नव्हता. पण राग आला होता आणि सगळ्यात जास्त लागेल असा शब्द हाताशी होता, तो मी फेकून मारला. आत्यानं हातातली भाजी वाढून पुरी केली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती अकोल्याला निघून गेली. दरवर्षी जाताना ती मुक्ताला कडेवर घ्यायची, या वेळी घेतलं नाही.

तिसऱ्या दिवशी मुक्ताला उलट्या सुरू झाल्या. डोळे उघडेना, श्वास खोल आणि जोरजोरात चाललेला. अमरावतीला मुलांच्या डॉक्टरबाईंकडे पोचलो, तर त्यांचा पहिलाच प्रश्न, "पाणी किती पिते? कधीपासून?" वैशालीनं माझ्याकडे बघितलं, मी वैशालीकडे. मुक्ताचे आईबाप आम्ही, आणि आम्हाला सांगता येईना. शेवटी मी आत्याला फोन लावला आणि तसाच डॉक्टरांच्या हातात दिला. आत्यानं दिवसावारी सगळं सांगितलं, मुंग्यांसकट. डॉक्टर लिहून घेत होत्या. बोटाला टोचून थेंबभर रक्त घेतलं, तर साखर इतकी की यंत्राला आकडाच दाखवता येईना. पहिल्या प्रकारचा मधुमेह. शरीरातलं इन्सुलिन बनणंच बंद पडतं, तो हा आजार. "गोड खाल्ल्यानं हा होत नाही, कुणाच्या चुकीनं होत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण वेळेवर आणणं आपल्या हातात असतं. उन्हाळ्यात मुलं पाणी जास्त पितातच हो. पण तहान भागतच नसेल, सारखी लघवी होत असेल, मूल वाळत असेल, तर त्याच दिवशी दाखवायचं. त्याच दिवशी रक्तातली साखर बघायची. उलटी, गुंगी, असा श्वास असेल तर एक मिनिट थांबायचं नाही. तुम्ही रस पाजत बसलात!"

पाच दिवस मुक्ता अतिदक्षता विभागात होती. वाचली. घरी सोडताना डॉक्टर म्हणाल्या, "फोनवर बोलल्या त्या बाईंचं त्याच दिवशी ऐकलं असतं, तर पोरीचे एवढे हाल झाले नसते. मोजणारं माणूस घरात असणं हे नशीब असतं. माझा नमस्कार सांगा त्यांना."

तो नमस्कार मी सांगितला नाही. फोनवर फक्त म्हणालो, "बरी आहे आता." पुढे इन्सुलिनच्या सुया, वेळा, धावपळ. नंतर धावपळ संपली तरी सांगवेना, कारण ते सांगायचं म्हणजे पंगतीत बोललो ते परत घ्यायचं. आत्या तोडणीला यायची बंद झाली; मीच वर्षातून दोनदा साडी घेऊन अकोल्याला जायचो आणि इकडचं तिकडचं बोलून परत यायचो. गेल्या दिवाळीत मुक्ताही बरोबर होती. तिनं पाणी मागितलं, तर आत्यानं पेला भरून जमिनीवर ठेवला आणि ती पीत होती तोवर तोंड भिंतीकडे करून बसली. अजून राग धरून आहे, असं मला वाटलं. खरं सांगतो, मीच मनातून थोडा रागावलो. निघताना दारात तिनं हळूच विचारलं, "आता किती पेते पानी?" आणि लगेच घाबरून म्हणाली, "मोजून नाही राहिली बाबू, नुसती पुसून राहिली..." मी हसलो. "चालते ना आत्या," म्हणालो आणि एसटी चुकेल म्हणून निघालो. ती शेवटची भेट.

तेरावं झाल्यावर तिची खोली आवरायला गेलो. रेखाताई मदतीला होत्या. त्यांनी फळीवरून एक स्टीलचा पेला काढून दिला, घट्ट झाकणाचा, झाकणात नळी बसवलेला. "हा आत्याबाईनं तुमच्या मुक्तासाठी घेतला होता दिवाळीनंतर. 'यातून पेलं का किती पेलं ते कोनाले दिसत नाही,' म्हनत. 'माह्यी नजर लई वाईट हाय, रेखा. माह्यामुळंच त्या लेकराले जनमभराच्या सुया लागल्या.'"

"असं म्हणायची?" मी विचारलं.

"येकदा नाही भाऊ. कितीकदा."

मी स्वतः न मानता जे बोललो, ते तिनं खरं मानलं होतं. तीन वर्षं ती ते घेऊन जगली आणि घेऊनच गेली. तिला सोडवायला डॉक्टरांचा एक नमस्कार पुरेसा होता, आणि तो माझ्या खिशात पडून होता.

पेला घरी आणला. मुक्ता आता साडेपाच वर्षांची आहे, पोटाला सुई घेताना कुरकुरसुद्धा करत नाही. तिनं पेला उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "बाबा, याले झाकन काहून हाय?"

मी झाकण काढून ठेवलं. तिला जवळ घेऊन म्हणालो, "आत्याआजीनं तुझं पाणी मोजलं, म्हणून तू वाचलीस."

सांगायला अर्धं मिनिटही लागलं नाही.