विंचेवरची हाक

मारेगावच्या पलीकडे सागाचं जंगल संपतं तिथल्या लाकडाच्या डेपोत सगळ्यात भित्रा माणूस कोण, असं कुणी विचारलं की मजूर बेलाशक धावजीकडे बोट दाखवायचे. आणि डेपोतलं सगळ्यात धोक्याचं काम होतं ते याच धावजीच्या हातात. मुकादम पुंडलिकराव पान चघळत म्हणायचे, "वाघाले भेणारे लय पाह्यले, पण लाकडाले भेणारा हा एकच." धावजी मान हलवायचा. त्यात खोटं तरी काय होतं? तो भ्यायचाच. सकाळी बंजारा तांड्यातून निघताना मनात बसलेलं भय दिवस मावळेपर्यंत हटायचं नाही.

धावजीच्या आज्यानं बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुख पालथा घातला होता. बाप गाडीवान झाला. धावजी स्वतः जंगलातून बैलजोडीनं लाकडं ओढत डेपोवर आणायचा. बैल बिथरला तर त्याच्या कानात बोलता येतं, शिंगाला हात लावता येतो. लोखंडाशी बोलायची विद्या मात्र तांड्यात कुणालाच येत नव्हती.

मुंबईहून नवं राज्य जाहीर होऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील. ठेकेदारानं कुठल्याशा लिलावातून एक जुनी हातविंच आणली. तीन जाड बल्ल्यांची तिपाई उभी केली, तिच्या माथ्याला कप्पी टांगली, कप्पीवरून तारेचा दोर घेतला आणि विंचेच्या पिंपावर गुंडाळला. दोघांनी हॅन्डल फिरवलं की दात्यांवर दाते चढायचे आणि दहा माणसांना न हलणारं लाकूड अलगद वर जायचं. दात्यात एक खिट्टी पडायची, टक टक टक, तीच लाकडाला वर धरून ठेवायची. उतरवताना खिट्टी उचलायची, ब्रेकचा दांडा हळूहळू ढिला करायचा आणि लाकूड ट्रकवर सोडायचं. त्याआधी एक गोष्ट करायचीच: हॅन्डल काढून बाजूला ठेवायचं. नाहीतर पिंपाबरोबर तेही फिरतं.

पहिला विंचवाला श्रावण नावाचा होता. गडी हुशार, हसरा आणि घाईचा. एका दुपारी तो हॅन्डल काढायचं विसरला. खिट्टी उचलली, ब्रेक निसटला, लाकूड धाडकन खाली आलं आणि हॅन्डल असं गरगरलं की दिसेनासं झालं. ते श्रावणच्या छातीवर बसलं. धावजी तेव्हा बैल सोडत होता. श्रावण खाली पडला नाही, आधी बसला, मग आश्चर्यानं सगळ्यांकडे पाहत राहिला. यवतमाळच्या दवाखान्यात न्यायला ट्रक काढला, पण घाटातच सगळं आटोपलं.

दुसऱ्या दिवशी पुंडलिकरावांनी विचारलं, "विंच कोण धरते?" सगळ्यांनी जमिनीकडे पाहिलं. आणि मग धावजी, ज्याला रात्रभर ते हॅन्डल दिसत होतं, तो पुढं आला. लोकांना वाटलं याचं डोकं फिरलं. पण कारण साधं होतं. धावजीचा एकुलता एक पोरगा रूपसिंग लाकडाला साखळी घालायच्या कामावर होता. लाकूड वर गेलं की तो सतत त्याच्या आसपास असायचा. विंच दुसऱ्याच्या हातात असताना आपण लांबून पाहत राहायचं, ही कल्पनाच धावजीला सोसवेना. भ्यायचंच असेल तर ब्रेक हातात धरून भ्यावं, एवढा त्याचा हिशेब.

मग त्यानं कायदे केले. काढलेलं हॅन्डल तो स्वतःच्या मांडीखाली घेऊन बसे. खिट्टी दात्यात पूर्ण बसली की नाही हे डोळ्यांनी पाहून त्याचं समाधान होत नसे, तो बोटानं चाचपायचा. ताणलेल्या दोरावरून कुणी पाय टाकून गेलं तर शिव्या. आणि सगळ्यात मोठा कायदा हाकेचा. आधी डेपोत जो तो ओरडायचा. एक म्हणे सोड, दुसरा म्हणे ओढ, तिसरा नुसताच हो हो करी. धावजीनं बजावलं, "हाक एकाचीच. धरमसिंगची. बाकी कोणी तोंड उघडलं तर मी विंच सोडून घरी जातो." धरमसिंग त्याचा धाकटा भाऊ, आवाजाचा खणखणीत. तो ट्रकजवळ उभा राहून "ओढ" म्हणाला की ओढायचं, "सोड" म्हणाला की सोडायचं. डेपो गप्प झाला. कायदा चांगलाच होता, पण त्यात एक भोक राहून गेलं होतं आणि ते कुणालाच दिसलं नाही.

रूपसिंगची बायको लालीबाईही डेपोतच होती. लाकडांच्या उंच थप्पीवर बसून ती कुऱ्हाडीनं साल तासायची. लग्न होऊन चार पावसाळे झाले होते, पण धावजीनं सुनेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. तांड्याची रीतच तशी. सून सासऱ्यापुढं पदर खाली ओढणार, त्याच्याशी बोलणार नाही, चुलत सासऱ्याशी नाही, आणि नवऱ्याचं नाव तर तोंडातून काढणारच नाही. मग पाण्याचा तांब्या आणला, भाकर आणली, हे सासऱ्याला कळणार कसं? तर ती उंबऱ्याशी बांगड्या वाजवायची. कोपरापर्यंत भरलेल्या त्या जाड बांगड्यांचा खळखळाट झाला की धावजी तोंड भिंतीकडे फिरवायचा. ती आत यायची, तांब्या ठेवायची, निघून जायची. चार वर्षांत सासरा-सुनेचं एवढंच बोलणं. डेपोतही तसंच चाले. विंचेमागं बांगड्या वाजल्या की धावजी दुसरीकडे पाहायचा, मग वळून पाणी प्यायचा.

तो दिवस उन्हाळ्याचा होता. सकाळपासून जाड लाकडं चढत होती आणि तारेचा दोर हात लावू देत नव्हता एवढा तापला होता. शेवटचं लाकूड ट्रकच्या वर आलं. धावजीनं खिट्टी चाचपली, हॅन्डल काढून मांडीखाली घेतलं. तेवढ्यात रूपसिंगला दिसलं की ट्रकमध्ये लाकडाखाली घ्यायची आडवी बल्ली घसरली आहे. ती नसली तर लाकूड खाली टेकल्यावर साखळी निघत नाही. तो पलीकडच्या बाजूनं ट्रकवर चढला आणि टांगलेल्या लाकडाखाली पालथा होऊन बल्ली सरकवू लागला. ट्रकच्या फळ्या उंच. अलीकडे उभ्या असलेल्या धरमसिंगला वाटलं, पोरगा पलीकडे बाजूला झाला.

"सोड!" धरमसिंगनं हाक दिली.

धावजीनं खिट्टी उचलली. ब्रेक ढिला केला. पिंप कुरकुरत उलटं फिरू लागलं.

हे सगळं दिसत होतं फक्त एका माणसाला. थप्पीवर बसलेल्या लालीला ट्रकच्या आतलं दिसत होतं, नवऱ्याची पाठ दिसत होती आणि तिच्यावर उतरणारं लाकूड दिसत होतं. तिनं तोंड उघडलं. पण हाक मारायची कुणाला? सासऱ्याला कशी मारणार? चुलत सासऱ्याला कशी? नवऱ्याचं नाव तर जिभेवर कधी आलंच नव्हतं. शिवाय हाक एकाचीच, हा कायदा. तिच्या घशातून आवाज निघाला नाही. कुऱ्हाड टाकून ती थप्पीवरून घसरत, गुडघे सोलत खाली आली आणि विंचेकडे धावली. धावजीच्या मागं येऊन तिला जी एक भाषा येत होती तीच ती बोलली. दोन्ही हात आपटून बांगड्या वाजवल्या.

धावजीला खळखळाट ऐकू आला. सुनेनं पाणी आणलं, असं त्याच्या मनानं घेतलं. आणि जन्मभराच्या सवयीनं त्यानं तोंड फिरवलं. ट्रककडून, लाकडाकडून, पोराकडून. हात ब्रेकवर तसाच ढिला राहिला.

बांगड्या पुन्हा वाजल्या, वेड्यासारख्या वाजल्या. "ठेव ना तठी," तो पुटपुटला. लाकूड उतरतच होतं.

मग लालीनं डोक्यावरची आरशांची जड ओढणी ओढून काढली आणि फिरत्या दात्यात कोंबली. काच कडकडली, कापड गुंडाळलं गेलं, विंचेला हिसका बसून ती अडखळली. धावजीचा हात आपोआप ब्रेकवर दाबला गेला आणि दुसऱ्या हातानं त्यानं खिट्टी टाकली. त्यानं वळून पाहिलं तो काय, सून उघड्या डोक्यानं समोर उभी! तिचं तोंड दिसायच्या आत त्यानं पुन्हा मान फिरवली. 

"लाज विकून खाल्ली काय? काहून असं करून राह्यली?" असं म्हणत, तिच्याकडे न पाहताच, तो दात्यातलं कापड उपसायला लागला. कापड निघालं की खिट्टी उचलायची आणि काम संपवायचं, एवढंच त्याच्या डोक्यात.

तेव्हा सुनेनं सासऱ्याचं मनगट धरलं.

चार वर्षांत पहिल्यांदा धावजीनं लालीचं तोंड पाहिलं. कोवळं, घामानं भिजलेलं, ओठ हलताहेत आणि आवाज नाही. श्रावण खाली बसला तेव्हा त्याच्या तोंडावर जे होतं तेच या पोरीच्या तोंडावर होतं. धावजीला कुणी काही सांगायची गरज उरली नाही.  आणि ट्रकमधून दबलेला आवाज आला, "बा... वर घे..."

हॅन्डल बसवताना धावजीच्या हातून ते दोनदा निसटलं. धरमसिंग धावत आला, दोघांनी लाकूड वर घेतलं. रूपसिंग जिवंत निघाला. खांद्याचं हाड मोडलं होतं, पाठीवर साल रुतली होती. आणखी वीतभर लाकूड उतरलं असतं तर त्याला ट्रकमधून खरवडून काढावं लागलं असतं. हे कुणी बोललं नाही, पण धावजी दुसरं काही पाहू शकत नव्हता.

तांड्यात कुजबुज झालीच. पोरगा वाचला याचा आनंद दोन दिवस टिकला, सून सासऱ्यापुढं उघड्या डोक्यानं आली आणि तिनं त्याचा हात धरला, ही गोष्ट मात्र चघळायला पुरली. धावजीची बायको सुखीबाई चुलीपुढं बसून रडली, "लोक काय म्हणतीन?" धावजी भिंतीकडे तोंड करून बसला होता. लाली कोपऱ्यात, डोक्यावर फाटकी ओढणी. तो बायकोला म्हणाला, पण ऐकवलं सुनेला, "तिले सांग, माहा पोरगा माह्या हातानं मरत होता. मी तोंड फिरवून बसलो होतो. सोड म्हणायची हाक एकाची राहीन. थांब म्हणायची हाक याच्यापुढं तिची. वरून तिलेच दिसते."

"ते तुमाले हाक कशी मारीन?" सुखीबाईनं विचारलं.

"नावानं."

सुखीबाईनं कपाळावर हात मारून घेतला.

रूपसिंग हात गळ्यात बांधून पुन्हा डेपोवर आला त्या दिवशी धावजीनं रिकाम्या ट्रकवर लाकूड टांगलं. सगळ्यांना लांब उभं केलं. मग थप्पीकडे पाहून मोठ्यानं म्हणाला, "ट्रकात रूपसिंग हाय, असं समज. मी सोडतो. तू थांबव."

धरमसिंगनं हाक दिली. खिट्टी उचलली गेली. लाकूड उतरू लागलं. वर लाली उभी राहिली, पदर दातात धरलेला. बांगड्या वाजल्या. धावजी तिच्याकडेच पाहत होता, पण त्यानं ब्रेक दाबला नाही. बांगड्या वाजत राहिल्या आणि लाकूड ट्रकच्या तळावर धाडकन बसलं. फळ्या हादरल्या.

"मेला रूपसिंग," धावजी म्हणाला.

 जित्या पोराचं असं अभद्र बापानं बोलावं? रूपसिंग स्वतःचं मरण ऐकून पांढरा पडला. पुंडलिकराव पुढं आले, "धावजी, पुरे कर बापा. कायले पोरीले छळतं?"  धावजी आतून तिच्याहून जास्त भ्यालेला होता. ही पोरगी बोलली नाही तर आज ना उद्या ते खरंच होणार, हे त्याला दिसत होतं.

लाकूड पुन्हा वर गेलं. त्यानं हॅन्डल काढलं, मांडीखाली घेतलं, खिट्टी उचलली.

लाकूड उतरू लागलं. बांगड्या वाजल्या नाहीत. लालीनं दातातला पदर सोडला.  लाकूड फळ्यांच्या खाली गेलं, ट्रकच्या आत गेलं.

"धावजी, थांब!"

आवाज फाटका होता, रडका होता, पण साऱ्या डेपोनं ऐकला. सासऱ्याचं नाव, उघड, भर दुपारी. थप्पीमागच्या बायकांनी तोंडावर हात ठेवले.

धावजीनं ब्रेक दाबला, खिट्टी दात्यात टाकली आणि बोटानं चाचपून पाहिली.  मग त्यानं वर थप्पीकडे पाहिलं आणि या वेळी तोंड फिरवलं नाही.

"हो, पोरी," तो म्हणाला, "थांबलो."