सासूबाईंची मालिका

तुरीच्या हिरव्या शेंगा मीठ घालून उकडायला ठेवल्या, की त्या वाफेबरोबर मला आर्णीतली एक शनिवारची संध्याकाळ आठवते. सासूबाई जाऊन तीन महिने झाले होते आणि सासरे कामापुरतंच बोलायचे. घरातले सगळे दारव्ह्याला लग्नाला गेले होते; सासऱ्यांचा गुडघा धरला होता, म्हणून मी मागे थांबले. त्यांच्यासोबत एकटीने एवढा वेळ कसा काढायचा, याचं मला दडपणच आलं होतं. शेंगांचं ताट दोघांच्या मध्ये ठेवून मी टीव्हीवर बातम्या लावल्या, कारण ते तेवढ्याच बघायचे. थोड्या वेळाने ते म्हणाले, "तुही सासू पाहे, थे मालिका लाव." सासूबाई गेल्यापासून ती मालिका घरात कोणीच लावली नव्हती. मी लावली. पाच मिनिटांत त्यांनी विचारलं, "हे बाई एवढी काहून रडून राह्यली?" मी म्हणाले, "जावेनं तिचे दागिने लपवले, मामाजी." "मंग नवऱ्याले सांगत काहून नाही?" "सांगितलं तर मालिका संपून जाईन ना." ते हसले, मग हातातली शेंग तशीच धरून म्हणाले, "थे बी मले सांगत राहे. मीच ऐकत नव्हतो." भाग संपल्यावर त्यांनी पुढचा कधी असतो ते विचारलं, आणि सोमवारी जेवण लवकर करायचं ठरवून टाकलं. पुढे ती मालिका आम्ही दोघांनी शेवटपर्यंत पाहिली. ती संपली, तरी त्या संध्याकाळची आठवण म्हणून आताही शनिवारी मी घरीच टीव्ही बघत बसते, आणि मैत्रिणी फोनवर चिडवतात. मी हसते आणि आवाज थोडा वाढवते.