पाचवं ढेकूळ

मामा गेल्याची बातमी आली तेव्हा मी अकोल्याच्या छापखान्यात उभी होते. हाताला शाई, समोर तलावाच्या पत्रकाचं ओलं प्रूफ. किन्हीराजाहून सर्व्हिस मोटरीनं आलेला गडी दारातच थबकला. "ताई, पाटील गेले," एवढंच म्हणाला. मी ते प्रूफ शेवटच्या ओळीपर्यंत तपासलं आणि मगच मोटर धरली. असं कसं केलंस, म्हणून नंतर पुष्कळांनी विचारलं. पत्रकात मागणी मामांचीच होती. तिच्यात चूक राहिली असती तर ते तिरडीवरून उठून मला बोलले असते.

आता त्यांना देवमाणूस म्हणण्याची साथ आली आहे. तेराव्याला तर एका गृहस्थानं त्यांना ऋषी केलं! खोटं आहे. मामा भांडखोर होते. विहिरीवर मोटेची पाळी एवढीशी चुकली तर शेजाऱ्याच्या बैलांनासुद्धा शिव्या देत. पत्त्यांत उघड उघड लबाडी करत आणि पकडलं की "डोळे फुटले काय तुहे?" म्हणून आपल्यालाच विचारत. मला जे मिळालं ते या माणसाकडून मिळालं, ऋषीकडून नाही.

दुसरं महायुद्ध सुरू होण्याआधीची गोष्ट. वाशीमला नळ यायचे होते आणि त्यासाठी आमच्या नाल्यावर भिंत घालून तलाव करायचा बेत निघाला. सगळं पाणी शहराला. गावाला काय, तर तलावाचं दर्शन! मी तेव्हा नुकती पत्रकं लिहू लागले होते. 'शहराला एक थेंबही नाही' असं मोठ्या टायपात छापून गावोगाव वाटलं. केनवडच्या बाजारात लोकांनी ते मोठ्यानं वाचलं, मला कोण आनंद! मामांनी वाचलं, घडी केली आणि त्याच कागदात सुपारीची पुडी बांधली.

"पोरी, शहरात कोन राह्यते?" त्यांनी विचारलं.

"सावकार, वकील आणि साहेब," मी म्हणाले.

"अन् त्यायच्या घरी पानी कोन भरते, त्यायचे बाप? तिथंही घागरी घेऊन बायाच उभ्या हायेत. आपलीच सखू तिथं देली हाय. तिच्या पोराईनं काय नालीतलं प्यावं?"

मी चिडून म्हटलं, "मग गावानं कोरडं मरावं?"

"तसं म्या कुठं म्हनलं? तू अर्धंच भांडून राह्यली. पुरं भांड ना!"

पुरं भांडणं म्हणजे काय, ते आखजीला कळलं. आमच्याकडे अक्षय तृतीयेला अंगणात जेठ, आषाढ, श्रावण, भादवा अशा चार महिन्यांच्या नावाची चार मातीची ढेकळं मांडतात आणि त्यांवर पाण्यानं भरलेली नवी घागर ठेवतात. घागर पाझरते, जे ढेकूळ जास्त भिजेल त्या महिन्यात पाऊस चांगला, अशी समजूत. मी ती मानत नाही, मामाही फारसे मानत नसावेत. पण नेमके त्याच दिवशी नकाशा घेऊन इंजिनेरसाहेब गावात आले आणि मामांनी त्यांना ओसरीवर न बसवता थेट त्या घागरीपाशी नेलं. गाव भोवती जमलं.

"साहेब, आमचे हे चार महिने झाले. तुमीबी चारच ढेकळं मांडले हायेत… आजचं शहर, आजचे नळ." असं म्हणून त्यांनी घागर उचलली आणि खाली आणखी एक ढेकूळ सरकवलं. "हे पाचवं. जे अजून जल्माले आले नाईत त्यायचं. शहर वाढन, गावबी वाढन. त्यायनं काय प्यावं, अन् कायच्यावर गहू पेरावा?"

घागर परत ठेवली तर ती डुगडुगायला लागली. मागून कुणीतरी ओरडलं, "पाटील, पडते ना तुमची घागर!"

"पडते तं मोठी आना!"

लोक हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी नकाशा उलगडला आणि शांतपणे सांगितलं, की शहराला आणि शेतीलाही पुरेल असं करायचं तर भिंत उंच घ्यावी लागेल. आणि भिंत उंच घेतली तर पाणी नाल्याकाठच्या गव्हाच्या वावरावर चढेल. ते वावर मामांचंच होतं. लहान भिंतीत ते वाचत होतं.

"मालूम हाय," मामा म्हणाले. "उंचच घ्या."

दारात उभी असलेली मामी सगळ्यांसमोर कडाडली, "माह्या सासूनं गोटे येचून केलेलं वावर हाय ते! मले इचारलं होतं काय?"

"तुले इचारलं असतं तं तू हावच म्हनली असती," मामा म्हणाले, "अन् मंग नाव तुहं झालं असतं."

मामी त्यांच्याशी किती दिवस बोलली नाही, ते मी मोजलं नाही.

माझ्या पत्रकातल्या रागाचा एक शब्दही मी आज मागे घेत नाही. पण त्यानंतरच्या प्रत्येक पत्रकात मागणी दोघांच्या पाण्याची आहे, आणि ती मामांची देणगी आहे. नुसतं 'नाही' म्हणणारी मी, त्यांनी मला 'एवढं पाहिजे' म्हणायला शिकवलं. उंच भिंत नकाशात आली. मग लढाई सुरू झाली आणि नकाशा बांधून ठेवला गेला. आता तो पुन्हा उघडतो आहे, आणि भिंत थोडी उतरवावी अशी कुजबुज ऐकू येते. उतरवू नका. त्या वावराच्या मालकानं ती उंची मागितली आहे!

यंदाच्या आखजीला घागर भरायची होती ती मामांच्या नावाची. आमच्यात गेलेल्यांना त्या दिवशी पाणी देतात. मी पोचले तेव्हा मामीनं अंगण सारवून ठेवलं होतं. पाचव्या ढेकळाची आठवण तिला कशी करून द्यावी, या विचारात मी होते… पण ती डोक्यावर टोपलं घेऊन नाल्याकडूनच येत होती. कुंभाराकडून तिनं मोठी घागर आणली होती. टोपल्यात पाच ढेकळं होती, काळी, गव्हाच्या धसकटांसकट.

तिनं ती मांडली, घागर ठेवली, हातानं हलवून पाहिली. हलली नाही.

"बसली बरोबर," मामी म्हणाली. "पानी टाक."