कागदात गुंडाळलेली फ्रेम

मित्रांनो, आज माझं डोकंच चालत नाय.

धाकटा भाऊ घर सोडून गेला, त्याला दोन वर्षं झाली; अजून काहीच पत्ता नाही. गारखेड्याच्या आमच्या घरात त्याचा फोटो लावलेला नाही. फ्रेम आली की हार आलाच, असं आई म्हणते.

रिकामी भिंत खायला उठते म्हणून मी आज मॉडर्न आर्टचं एक फ्रेम केलेलं चित्र घेतलं. नुसते निळे-पिवळे रंग.

कागदात गुंडाळलेली फ्रेम बघून आई दारातच खाली बसली. "कधी कळलं रं तुला?"

मी घाईनं कागद फाडला. "आई, नुसतं चित्र हाय गं!"

तिनं रंगांवरून हात फिरवला. "लपवू नको. कुठं सापडलं माझं लेकरू?"

ती अजून दारातच बसलीय. मलाबी काहीच माहीत नाय, हे तिला कसं पटवू हो?